अण्णाच्या होडीवरचा जाड दोर

कृष्णराजसागर धरणाच्या मागच्या पाण्यात मी तीन वर्षं अण्णाच्या होडीवर होते. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. होडी दोघांनी चालवायची, शर्यतीची. सुकाणू त्याच्याकडे, पुढची शिडं माझ्याकडे. वारा पाठीमागून आला की फुग्यासारखं एक मोठं शीड उघडायचं, त्याला स्पिनेकर म्हणतात. ते डोलकाठीच्या टोकापर्यंत ओढायचा दोर म्हणजे हॅलिअर्ड. तो ओढायचं आणि सोडायचं काम माझं होतं.

जुना दोर झिजला तेव्हा अण्णाने बेंगळुरूहून नवा आणला. नायलॉनचा, अंगठ्याएवढा जाड.

"हा ताणला जातो रे," मी म्हटलं. "शिडाचं टोक काठीपासून सुटतं आणि होडी डोलायला लागते. शिवाय भिजला की जड होणार, वरच्या कप्पीतून सरकायचा नाही. पॉलिएस्टरचा विणलेला घे, याच्या निम्म्या जाडीचा."

"बारीक दोर तुटला म्हणजे?"

"तुटत नाही. त्या शिडाला तेवढा पुरतो."

त्याला पटेना. म्हणून आमच्या जयलक्ष्मीपुरमच्या घराच्या गच्चीवरून मी दोन दोर खाली सोडले, एक त्याचा आणि एक मागून आणलेला बारीक. दोघांना पाण्याने भरलेल्या बादल्या बांधल्या आणि भिंतीवर खडूने खुणा केल्या. नायलॉन चार बोटं खाली आला, बारीक जेमतेम बोटभर. अण्णा खुणा बघून हसला. "कपडे वाळत घालायची दोरी निवडतेस की काय? सुम्ने, गप्प बस." अप्पा, आमचे वडील, खुर्चीत पेपर वाचत होते. "होडी त्याची आहे, त्याला कळतं," एवढंच म्हणाले.

जाड दोरच चढला.

त्यानंतरच्या शर्यतीत पाण्यातल्या शेवटच्या वळणखुणेपर्यंत आम्ही दुसरे होतो. वळायच्या आधी स्पिनेकर उतरवायचा होता. मी दोर सोडला. तो हातभर सरकला आणि वर कप्पीत अडकला. मी झटके दिले, शिडाला लोंबकळले. तळहाताची साल निघाली.

"उतरव! उतरव म्हणतो ना!" अण्णा ओरडत होता.

"अडकलाय! वळू नकोस!"

तो वळला. शीड तसंच फुगलेलं, वारा आडवा आला आणि आम्ही दोघं पाण्यात.

काठावर सगळे जमले होते. कोणीतरी विचारलं, काय झालं? अण्णा केस पिळत म्हणाला, "मुलीच्या हातात जोर कुठून येणार?" लोक हसले. मी मूठ झाकून उभी होते. दोराबद्दल बोलायला तोंड उघडलं असतं, तर रडू आलं असतं. म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा राग मला आजही त्याच्याइतकाच स्वतःवर येतो.

दोन आठवड्यांनी मी गेले तेव्हा होडीवर बारीक पॉलिएस्टरचा दोर होता. आणि माझ्या जागी त्याच्या ऑफिसातला एक मित्र.

"दोर बदललास?"

"होय की. तुझंच ऐकलं." तो सहज म्हणाला, जणू माझ्यावर उपकार केला. "तू आता काठावरून बघ. पुढच्या माणसाला जरा वजन लागतं."

त्या मोसमात ते दोघं जिंकले. घरी पेढे वाटले, मीही खाल्ला. अप्पा पाहुण्यांना सांगत होते की त्याने दोर अगदी विचार करून निवडला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. पुन्हा होडीत बसले नाही, आणि कोणी बसही म्हटलं नाही.

पुढे माझी मुलगी चौदा वर्षांची झाली, तेव्हा अण्णाचा फोन आला. "तिला पाठव. हलकी आहे, चपळ आहे. पुढच्या शिडांवर घेतो."

"नको."

"का ग?"

"नको म्हटलं ना."

"बरं. दुसऱ्या पोरी आहेत," म्हणून त्याने फोन ठेवला. माझ्या नकाराचं कारण त्याला खरंच आठवत नव्हतं. मुलगी आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिलाही मी काही सांगितलं नाही.