वन्संचं नाक बंद पडलं तेव्हा

"माझी बहीण दिवसभर बिअर पिते आणि त्याचा पगार घेते," असं होणाऱ्या नवऱ्यानं सांगितलं, तर कोणती मुलगी खरं मानेल? मीही मानलं नव्हतं. पण आमच्या वन्संची नोकरी तीच. खरं म्हणजे त्या पीत नाहीत. दोन घोट घेतात, डोळे मिटतात आणि पेला बाजूला सारतात. त्यांचं सगळं काम नाकावर चालतं. जिभेला, त्यांच्या मते, अक्कल बेताचीच.

हे नाक संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी येतं, हा आमचा ताप. फ्रिज न उघडता त्या "दूध आज वापरून टाक, वहिनी," सांगतात. माझा नवरा चोरून सिगारेट ओढून आला, तर तो जिन्यात असतानाच वरून आवाज येतो, "दादा, अजून दोन फेऱ्या मारून ये." लग्न का नाही केलंत, असं मी एकदाच विचारलं होतं. म्हणाल्या, "एक जण आवडला होता. पण अत्तर लावायचा."

त्यांच्या ब्रुअरीत चव पाहण्याची एक वेगळी खोली आहे. पांढऱ्या भिंती, लांब टेबल आणि खिडकीकडे पाठ असलेली एक खुर्ची. त्या खुर्चीत वन्सं बसतात आणि पहिला शब्द त्यांचा. त्या बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. आणि खोलीत शिरण्याआधी प्रत्येकानं दारात थांबायचं. वन्सं त्याचा वास घेणार. सुवासिक साबण, केसांचं तेल, नाश्त्यातला कांदा, काहीही सापडलं की माणूस बाहेर. खुद्द ब्रुअरीचे मास्तर, म्हणजे बिअर बनवणारे मुख्य, दाढी करून क्रीम लावल्याबद्दल दोनदा हाकलले गेलेत.

तर अशा वन्संना सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक ठार बंद. आणि तीही थंडीसाठी केलेल्या नव्या अंबर एलच्या परीक्षेच्या आठवड्यात. एल ही बिअरचीच एक जात. ही तांबूस सोनेरी, नेहमीच्या बिअरहून कितीतरी कडक, आत आलं, संत्र्याची साल आणि किंचित लवंग. मास्तरांनी वर्षभर तिच्यासाठी जीव टाकला होता.

"रजा घ्या ना," मी म्हटलं.

"आणि तो दाढीवाला?"

दाढीवाला म्हणजे त्यांच्या हाताखालचा. हुशार, नम्र आणि म्हणूनच धोकादायक. "मी एकदा उठले की तो बसला म्हणून समज. वीस वर्षं सांभाळलेली खुर्ची आहे, वहिनी."

मग आमच्या स्वयंपाकघरात वाफाऱ्यांचं सत्र सुरू झालं. गरम पाण्यात लवंगेचं तेल, डोक्यावर पंचा, आतून कण्हणं. तेच तेल रुमालावर, तेच गळ्यातल्या स्कार्फवर. घराचा मसाल्याचा डबा झाला होता. पहिल्या दिवशी मला ठसका लागायचा, नंतर मला त्या वासाचं काही वाटेनासंच झालं. नाक मात्र उघडलं नाही.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी मला गाठलं. ब्रुअरीत पद्धत आहे, की नव्या बिअरच्या शेवटच्या परीक्षेला एक "बाहेरचं तोंड" बोलवायचं. ज्याला यातलं काही कळत नाही असं कुणीतरी. त्याला सगळ्यात शेवटी विचारतात.

"आज बाहेरचं तोंड तू. माझ्या शेजारी बस. वास घे. काही जास्त वाटलं तर माझा पाय दाब आणि कानात सांग."

"वन्सं, मी उभ्या जन्मात बिअर प्यायले नाही!"

"म्हणून तर तू चालतेस."

ब्रुअरीतल्या त्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी बंद नाकानं सगळ्यांचा वास घेतला. काय तो अभिनय! मास्तरांच्या मानेशी दोनदा हुंगलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि नुसता धाक राहावा म्हणून त्यांना हात धुवायला पाठवलं. ते बिचारे मुकाट्यानं गेले.

पेले आले. रंग असा, की उन्हात धरलेला मध. मी नाकाशी नेला आणि लवंगेचा भपकाराच आला. घोट घेतला, आधी जळक्या साखरेसारखा गोडवा, मग सालीचा कडवटपणा, मग पोटापर्यंत उतरत गेलेली ऊब. छानच वाटलं. पण वास? मी पाय दाबला, खोकल्याचं निमित्त करून पुटपुटले, "लवंग."

वन्संनी डोळे उघडले. "लवंग जास्त आहे."

"जास्त?" दाढीवाला म्हणाला. "बाई, मला तर लवंगेशिवाय काही येतच नाहीये."

मास्तरांचा चेहरा उतरला. "काल टाकीपाशी तर जेमतेम होती." ते पेला घेऊन बाहेर गेले, बुचकळ्यात पडून परत आले. "बाहेर कमी वाटते. पण बाई म्हणताहेत म्हणजे असणार. अख्खी टाकी ओतून देऊ. काय करणार!"

दाढीवाला मात्र नाक वर करून हवेत काहीतरी शोधत होता. शोधत शोधत वन्संच्या स्कार्फपर्यंत आला, थबकला, आणि लाल होऊन छताकडे बघायला लागला. एकाएकी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत दारात सगळ्यांचा वास घेतला गेला होता. वन्संचा कुणी घेतलाच नव्हता.

वन्सं मला म्हणाल्या, "काय गं? असं काय बघतेस? माझ्या अंगाला वास येतोय?"

"येतोय, वन्सं."

"कशाचा?"

मी नजरेनंच स्कार्फ दाखवला. त्यांनी स्कार्फकडे पाहिलं, मग खुर्चीच्या हाताकडे, मग टाकी ओतायला निघालेल्या मास्तरांकडे. मला वाटलं, आता काहीतरी शक्कल काढतील.

"थांबा, मास्तर. टाकीला हात लावू नका. ती लवंग माझी आहे. माझं नाक चार दिवस बंद आहे."

आम्हा दोघींना बाहेर काढण्यात आलं, कारण मीही तशीच घमघमत होते. खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या. आम्ही बाहेर क्रेटवर बसलो. बऱ्याच वेळानं दाढीवाल्यानं दार उघडलं.

"बाई, लवंग अगदी शेवटी येते, हळूच. मला वाटतं चांगली आहे."

"वाटतं काय? पास का नापास?"

"पास."

"मग हे खुर्चीत बसून सांग. उभ्या माणसाचं मास्तरांच्या कानात शिरत नाही."

"तुमच्या खुर्चीत?"

"आजच्यापुरती. पाठ टेकू नकोस."

आतून मास्तर ओरडले, "बाई, नाक आलं की या. तो उठेल!"

"उठेल कशाला, मी उठवीन!" वन्संनी नाक शिंकरत उत्तर दिलं आणि दाराला कान लावून बसल्या. आत दाढीवाल्याचं "पास" ऐकू आलं, टाळ्या झाल्या, मास्तरांनी बहुधा त्याला मिठी मारली. वन्सं सुस्कारा टाकून सरळ झाल्या.

"बाहेरच्या तोंडाला कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं.

"खरंच की! सांग. कशी होती?"

"बरी होती."

"'बरी' ही काय चव झाली, वहिनी?" त्या क्रेटवर सरसावून बसल्या आणि डोळे मिटले. "पहिल्यापासून सांग. आणि जरा सावकाश."