औशाच्या काकांचा सदा एंगेज फोन

औशाची ती तक्रार आठवली की मला आजही हसू येतं. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात फौजदार होते. पुढे दुसरी परीक्षा पास होऊन खातं सोडलं, पण एवढी आनंदाची केस माझ्याकडे पुन्हा आली नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. साठीच्या एक काकू ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, पण बोलेनात. मी स्वतः कमी बोलणारी. अडखळणारं माणूस मला लगेच ओळखू येतं. त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि गप्प राहिले. मग त्याच बोलल्या.

"मॅडम, आमच्या घरात एकच फोन हाय. लेक बिलोलीला दिली, तिचे दिवस भरत आलेत. जावई फोन लावतेत तर सदा एंगेज! आमचे मालक दिवसभर कुण्या पोरीशी बोलायलेत. शेजारीण म्हणली, हसतेतबी."

गोड बोलून म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारी टोळी असणार, असं मी धरून चालले. हवालदारांना घेऊन काकूंबरोबर त्यांच्या घरी गेले. काका ओसरीवरच होते. पोलीस बघून घाबरायचं सोडून त्यांनी काकूंनाच आवाज दिला, "चहा टाका, पाहुणे आलेत!"

मी थेट विचारलं, "काका, ती मुलगी कोण?"

"कोणती? लई हायत."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हवालदार भिंतीकडे बघू लागले.

"एक प्लॉटवाली, एक लोनवाली, दोघी विमा विकतेत. प्लॉटवाली तर लई गुणाची पोरगी."

"कुणाला ओटीपी दिलात? कार्डाचा नंबर?"

"छ्या! मी काई घेतच न्हाई. नुसतं बोलतो."

"घ्यायचं नाही तर बोलता कशाला?"

काका गंभीर झाले. "मॅडम, दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारता आपण माघारी धाडतो का? मग फोनवर आलेल्याला कसं हाकलावं?"

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावायला सांगितला.

"काका, मी प्लॉटवाली."

"बोल माय. जेवलीस का?"

मी फोन घेतला आणि ओळख सांगितली. "घाबरू नका," मी म्हणाले, "एकच सांगा. या नंबरवर इतके फोन का येतात?"

"मॅडम, काका सगळ्यांशी बोलतात ना. जो बोलतो त्याचा नंबर आम्हाला परत परत लावायला देतात. दुसऱ्या कंपन्यांकडेही जातो तो."

काका मधेच म्हणाले, "म्हंजे माझ्यामुळं तुझं काम व्हायलंय की!"

"नाही ना काका! तुम्ही तासभर बोलता, माझ्या घरच्यांची विचारपूस करता आणि घेत काहीच नाही. माझं टार्गेट बुडतं. सर ओरडतात. 'नको' म्हणालात तर मी लगेच दुसरा नंबर लावीन."

"मग कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही इतक्या मायेनं बोलता, मलाच फोन ठेववत नाही."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि 'नको' कसं म्हणायचं, ते मलाच विचारलं. केस तिथेच उलगडली होती.

हवालदारांनी काकांच्या फोनवर डीएनडीची, म्हणजे जाहिरातीचे फोन बंद करण्याची नोंदणी केली. ती लागू व्हायला थोडे दिवस लागतात. तोवरच्या फोनसाठी ओसरीवरच सराव घेतला. हवालदार विमा विकू लागले.

"नको," काका म्हणाले. "पण गाव कोणतं तुमचं?"

"झालं!" काकू कडाडल्या.

पुन्हा पुन्हा घोकून अखेर जमलं. "नको बाबा, सुखी रहा." आणि फोन बंद.

नंतर एका सकाळी दोघं पेढे घेऊन ठाण्यात आले. बिलोलीला नात झाली होती. "जावयाचा फोन पहिल्या झटक्याला लागला," हे काकूंनी येईल त्या प्रत्येक शिपायाला सांगितलं.

नाही म्हणायला आवाज चढवावा लागतो, असा खात्यात सगळ्यांचा समज असतो. माझाही होता. हळू आवाजात, पण वेळेवर दिलेला नकार समोरच्यालाही मोकळं करतो, हे मला त्या ओसरीवर कळलं. मी अजूनही तसंच म्हणते: नको, सुखी रहा.

पेढे देऊन निघताना काका घुटमळले होते. "नात झाली हे प्लॉटवालीला सांगायचं राहिलं, मॅडम. लेकीची लई चौकशी करायची. आता तिचा फोनच येत न्हाई."

काकूंनी पिशवीतून फोन काढून त्यांच्या हातात दिला. "लावा एकदा. पण लवकर ठेवा. पोरीचं टार्गेट हाय."