तीन फुल्या

इथे आखातात, माहूजमधल्या आमच्या ऑफिसला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं काम मिळालं. तिथले काळे लोक समान हक्कांसाठी लढत होते, त्या काळात गोऱ्या वर्चस्ववादी संघटनांनी घरोघर टाकलेली पत्रकं जतन करायची होती. स्कॅन तिकडून यायचे. आम्ही मजकूर टाइप करायचा, म्हणजे कुठलाही शब्द शोधला की पान सापडेल.

पहिल्याच पत्रकावर माझे हात थांबले. इतकं घाणेरडं मी कधी वाचलं नव्हतं. मूळचे पुण्याचे आमचे सर मागे येऊन उभे राहिले.

"अगं, बायकामाणसं बसतात इथे. तीन फुल्या मार आणि पुढे जा."

सभ्य घरात शिवी अशीच लिहितात. सगळ्यांनी फुल्या मारल्या, मीही. पण नंतर वाचताना ती पत्रकं कुणी जरा रागावून लिहिल्यासारखी वाटायची. ते मला खुपत होतं. तरी मी फुल्या मारतच राहिले.

मग व्हिडिओ कॉलवर विद्यापीठाच्या त्या संग्रहाच्या प्रमुख बाईंनी विचारलं, एक पत्रक गहाळ झालंय का? त्यांच्या वडिलांच्या दारात टाकलेलं. त्यातला एक शब्द त्यांना लहानपणापासून पाठ होता, आणि तो शोधल्यावर एकही पान येत नव्हतं.

"स्कॅन पुसट असेल, बघतो," सर म्हणाले.

कॉलवर माझा कॅमेरासुद्धा बंद असतो. मी माइक सुरू केला.

"पत्रक आहे. शब्द आम्ही झाकलाय. सगळीकडेच झाकलेत."

"माझ्या वडिलांना तो दिसला होता," बाई म्हणाल्या. "मलाही दिसू दे."

कॉल संपला. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "खलास. आता बस तूच सगळं बदलत."

"बसते, सर."

बसले. दुपारनंतर सर खुर्ची ओढत आले. "अर्धी पानं इकडे दे. आणि घरी सांगू नकोस मी काय टाइप करतो ते."

पुढच्या कॉलवर बाईंनी तो शब्द टाकला. स्क्रीन वरपासून खालपर्यंत भरली. त्यांनी आपलं पत्रक उघडलं आणि एकही शब्द न गाळता मोठ्यानं वाचलं. मी कॅमेरा सुरू केला.

गुदैबियाला घरी पोचले तेव्हा आई भाजी चिरत होती. "आज स्वारी भलतीच खूश?"

"शिव्या सापडल्या, आई. सगळ्याच्या सगळ्या."