बोरिवली ते बोरिवली, दोनदा: लिटरला किती?

घोडबंदरमार्गे उपनगरांची गोल फेरी मारायचा बेत आहे, रस्ता कसा आहे, असं परवा भाचीने विचारलं. आताचे उड्डाणपूल मला विचारू नका. पण ऐंशीच्या दशकात हीच फेरी मी लागोपाठ दोन दिवस मारली होती. ती मजेखातर नव्हती, आमची गाडी लिटरला किती देते ते बघायला होती.

गाडी माझी होती. गोरेगावच्या शाळेत गणित शिकवून साठवलेल्या पैशांतून मी जुनी फियाट घेतली आणि लायसन्सही काढलं. आमच्या यांचा हिशेब रोखठोक. "लिटरला दहा दिले तर ठेवू. नाहीतर ऑफिसातले एक जण सोमवारी संध्याकाळी बघायला येतायत, त्यांना देऊन टाकू." मला रागच आला. पण मीच वर्गात पोरांना पडताळा करून दाखवा म्हणत असते, तेव्हा नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हटलं, रविवारी मोजू.

रीत सोपी आहे, तुम्हीही करून बघा. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा आणि गाडी फिरवून आणायची. मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जितकं पेट्रोल बसेल तितकं खर्च झालेलं. त्याने किलोमीटरांना भागा, झालं. पेट्रोल तेव्हा सात-आठ रुपये लिटर होतं आणि तेही महाग वाटायचं.

रविवारी सकाळी हायवेवरच्या पंपावर गेलो. पाइपातून पेट्रोल वर दिसू लागलं तसा पंपवाला "फुल्ल!" म्हणाला. मागे रिक्षावाला पों पों करत होता, म्हणून आकडा लिहून लगेच निघालो. हायवे मोकळा होता, अंधेरीपर्यंत गाडी सुरेख पळाली. अंधेरी-घाटकोपर रस्ता मात्र खड्ड्यांचा, आणि साकीनाक्याला ट्रकांची ही रांग. शेजारी बसून हे सारखे "ब्रेक! अगं ब्रेक!" करत होते आणि स्वतःचा उजवा पाय जमिनीवर दाबत होते. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता हे नशीब. असल्फाच्या चढावर गाडी बंद पडली, तेव्हा "बघ, मी म्हणत नव्हतो?" झालंच. हे काय म्हणत होते ते मला आजही कळलेलं नाही.

घाटकोपरला स्टेशनजवळ गरम फाफडा खाल्ला (जरूर खा, सोबतची पपईची चटणी मागून घ्या) आणि आग्रा रोडने विक्रोळी, कांजूर, भांडुप करत मुलुंडला माझ्या भावाकडे, बंडूकडे पोचलो.

"ताई, तू चालवत आणलीस? झकास!" बंडू खाली धावत आला. "आणि भावोजी जिवंत?"

"अजून अर्धा रस्ता बाकी आहे," हे म्हणाले.

लिटरचं प्रकरण ऐकून बंडूने मला बाजूला घेतलं. "उतारावर इंजीन बंद करत जा गं. सगळे तसंच करतात."

"फसवायचं कोणाला रे? मलाच ना?"

त्याने गावच्या तांदळाचं चाळीसेक किलोचं पोतं डिकीत टाकून दिलं. ठाण्यापुढे घोडबंदर रस्त्याला लागलो. एका हाताला झाडी, दुसऱ्या हाताला खाडी. गायमुखला टपरीवर चहा घेतला, तेवढा वेळ हेसुद्धा ब्रेक विसरले.

संध्याकाळी पुन्हा त्याच पंपावर. पंपवाला थांबला तसे हे खाली उतरले. "थांब रे, अजून बसेल." यांची स्कूटरपासूनची सवय, टाकी हलवून भरायची. दोघांनी गाडी मागून गदागदा हलवली, बुडबुडे आले, आणखी पेट्रोल गेलं. असं तीन-चारदा झालं. धावलो चौऱ्याहत्तर किलोमीटर, पेट्रोल बसलं आठ पूर्णांक सहा लिटर. म्हणजे लिटरला साडेआठच्या आसपास.

 मी रडायच्या बेतात होते.

घरी येऊन मुकाट्याने तांदूळ डब्यात भरायला घेतला. डबा भरला, सवयीने जमिनीवर दोनदा आपटला, तांदूळ खाली बसला आणि वर आणखी दोन ओंजळी मावला. गाडीच्या टाकीचंही हेच झालं होतं. सकाळी आम्ही डबा न आपटता भरला होता आणि संध्याकाळी आपटून!

यांना सांगितलं. "असेलही," हे म्हणाले. "पण उद्या ते येणार."

आता टाकी हलवून भरलेली होतीच. तीच फेरी मारून पुन्हा हलवून भरली की खरा आकडा मिळणार होता. सोमवारी हे ऑफिसला गेले आणि मी शाळेला दांडी मारली. एकटीने गाडी मी कधीच चालवली नव्हती.   असल्फाच्या चढावर गाडी पुन्हा बंद पडली, पण या वेळी शेजारून कोणी ओरडलं नाही. मी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, चालू केली आणि निघाले. घोडबंदरला आल्यावर तर मी चक्क मोठ्याने गात होते. मुलुंडला थांबले नाही, बंडूने गप्पांत तासभर घालवला असता.

पंपावर पदर खोचला. "कालच्यासारखीच हलवायची," म्हटलं. पंपवाला हसला, पण मी आणि त्याने मिळून हलवली. चौऱ्याहत्तर किलोमीटरला सहा पूर्णांक आठ लिटर. दहाच्या वर, जवळजवळ अकरा!

संध्याकाळी यांच्यापुढे वही ठेवली. यांनी चष्मा लावून दोनदा भागाकार केला. मग म्हणाले, "बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग वजन कमी पडलं. काल दोघं होतो."

"खाली जाऊन बघा."

हे खाली गेले. त्यांच्या सीटवर तांदळाचं उरलेलं पोतं होतं, पायाशी आमचा पाटा आणि वरवंटा. सकाळी वॉचमनला हाताशी घेऊन मी यांचे पंचावन्न किलो पुरे केले होते. यांनी पोतं हाताने चाचपून बघितलं आणि दार लावलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा म्हणाले, "सॉरी हं, गाडी हिची आहे. ही विकणार नाही."

गाडी पुढे बारा वर्षं चालली. आता ती नाही आणि हेही नाहीत. ती फेरी तुम्ही जरूर करा, गायमुखला चहा घ्या. माझ्यापाशी त्यातलं राहिलं ते एवढंच, की त्या सोमवारनंतर हे मला एकदाही "ब्रेक" म्हणाले नाहीत. पाय मात्र शेवटपर्यंत दाबत राहिले.