पडदे लावलेली गाडी

"तुमच्या भावाला अ‍ॅटॅक आलाय," एवढंच सांगून त्या माणसाने फोन ठेवला. स्वतःचं नावही सांगितलं नाही. रविवार होता, पाऊस लागून राहिला होता. मी पालघरहून बोईसरच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा दादावर पांढरी चादर ओढलेली होती. मी ती बाजूला केली. डोळे लालभडक, ओठ काळेनिळे आणि शर्टाला इतका उग्र वास, की माझ्याच घशात खवखवायला लागलं. मागे कारखान्याचा एक माणूस उभा होता. म्हणाला, "हार्ट, मॅडम. अचानक झालं." मी विचारलं, "हार्टला असा वास येतो?" तो मोबाइलमध्ये बघत राहिला... याला आता काही आठवडे झाले. लोक सांगतात, राग बाजूला ठेव, चांगल्या आठवणी लिही. लिहिते. पण राग बाजूला ठेवला की दादा आठवतच नाही मला. त्याच्या सगळ्या चांगल्या आठवणी त्या वासापाशी येऊन थांबतात.

रमेशदादा तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात फिटर होता. घर उमरोळीजवळ, आमच्या वाडीत. घरामागच्या शेडमध्ये आप्पांची गाडी. आप्पा, म्हणजे आमचे वडील, एका चिकूवाडीच्या मालकांकडे ड्रायव्हर होते. मालक परदेशी गेले तेव्हा स्वातंत्र्याआधीची ती उघडी गाडी त्यांनी आप्पांनाच देऊन टाकली. लांब नाकाची, काळी, वर घडी होणारं कापडी छत, आणि बाजूला काचा नाहीतच. तिच्यावर गाडी चालवायला मी शिकले, दादाच्याही आधी. आप्पा गेल्यावर दादाने ती कधी धूळ खाऊ दिली नाही.

दादाच्या बायकोला, सुनीतावहिनीला, अर्धांगाचा झटका आला आणि तिचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हा या गाडीचा खरा उपयोग कळला. रिक्षात, बंद गाडीत चढायचं म्हणजे माणसाला वाकावं लागतं. वहिनीला ते जमेना, कळ यायची. दादा शेडमध्ये छत खाली पाडायचा, तिला दोन्ही हातांवर उचलून मागच्या रुंद सीटवर वरूनच ठेवायचा आणि निघायचा. कधी केळव्याला, कधी नुसतंच बाजारात. लोक हसायचे. एका नातेवाइकाने तर तोंडावर म्हटलं, "आजारी बायकोची वरात काढतोस काय रे?" दादा म्हणाला, "व्हय. तुजी बायको शेवटची कदी फिरायला गेली, विचार तिला."

पण पावसाळ्याचं काय? आभाळ भरलं की गाडी बंद आणि वहिनी खिडकीशी. गेल्या वर्षी ती एकदाच म्हणाली, "चार महिने मी काय लोणच्यासारखी बरणीत ऱ्हायाचं?" पुढच्या सुट्टीला दादा सातपाटीहून होड्या झाकायचं जाड कापड घेऊन आला.

अशा गाड्यांना पूर्वी बाजूने लावायचे पडदे असत. आमचे कधीच कुजून गेले होते, नमुना कुठे मिळणार? दादाने छत ताणून बसवलं, जुन्या चादरींवर माप काढलं, आणि मग कितीतरी रविवार ते काम चाललं. बघायला म्हणून गेले की मला धरून बसवायचा. कापडाला मधे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, कडेला सळई, ती सळई दाराच्या भोकात खोचायची आणि वरची कड छताला खटक्यांनी अडकवायची. ऐकायला सोपं. पण दार उघडलं की पडदाही त्याच्याबरोबर उघडायला हवा, आणि दोन पडद्यांच्या सांध्यातून पाणी आत येता कामा नये. पहिल्या पडद्यांची पुढची कड सैल राहिली, गाडी चालली की वाऱ्याने फडाफडा उघडायची. सगळी शिवण उसवून त्याने पुन्हा दाभण हातात घेतलं. वहिनी उजव्या हाताने दोऱ्याला मेण लावून द्यायची. माझ्यावर खेकसायचा, "बाय, ताणून धर! वाळत घालतेस काय?"

सगळे पडदे बसले त्या दिवशी त्याने वहिनीला आत बसवलं, छत चढवलं, चारी बाजू बंद केल्या आणि मला बादल्या ओतायला लावल्या. आतून वहिनी ओरडत होती, "आलं, आलं! हितून आलं!" आणि हसत होती. आजारपणानंतर तिला इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं. मग भर पावसात तिघं शिरगावच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र गढूळ, वारा सुटलेला, किनाऱ्यावर माणूस नाही. ती प्लास्टिकला नाक लावून बघत राहिली. दादा नुसता तिच्याकडे बघत होता.

दादा गेला त्या रविवारीही ते दोघं निघणार होते. तिला गाडीत ठेवलं होतं, एका बाजूचे पडदे लावून झाले होते. तेवढ्यात कारखान्यातून फोन. व्हॉल्व्ह गळतोय, ताबडतोब ये. त्याने तिला परत उचलून घरात आणलं. "जेवायला येतो," म्हणाला.

दहाव्याला कारखान्याचे मॅनेजरसाहेब हार घेऊन आले. "रमेश कामगार नव्हता, आमच्या घरचा माणूस होता." मी विचारलं, "घरच्या माणसाला मास्क का दिला नाही?" ते म्हणाले, "ताई, ही वेळ नाही." ते गेल्यावर वहिनी म्हणाली, "बाय, गाडी काढ."

शेजाऱ्यांनी तिला उचलून ठेवलं. छत चढवून पडदे मी लावले, सळया भोकात जाईनात. धो धो पावसात आम्ही कारखान्याच्या गेटसमोर गाडी आडवी उभी केली. वॉचमन ओरडला, ट्रक अडले, हॉर्न वाजायला लागले. शेवटी साहेब छत्री घेऊन बाहेर आले. "वहिनी, असं काय करता? आत ऑफिसात या, बसून बोलू."

वहिनीने खिडकीजवळचे दोन खटके काढले. "मला उतरता येत नाय. तुमीच बोला. काय गळत व्हतं त्या दिवशी?"

साहेबांची छत्री वाऱ्याने उलटी झाली. ते तसेच भिजत उभे राहिले. शिफ्ट सुटली होती, कामगार थांबून बघत होते. त्यातला एकजण पुढे आला आणि साहेबांच्या देखत म्हणाला, "भाभी, गैस थी. मैं साथ में था. जहाँ बोलोगी, वहाँ बोलूँगा."

दुसऱ्या दिवशी तो पोलिसांत बोलला. आठवड्याच्या आत त्याचं काम गेलं. चौकशी चालू आहे, असं आम्हाला सांगतात. शवविच्छेदनाचा अहवाल येतोय, असंही सांगतात.

आता पाऊस संपलाय. पडदे उतरवून उन्हात टाकायला हवेत, नाहीतर बुरशी धरेल. परवा मी सळई उपसायला गेले, तर घरातून वहिनीचा आवाज आला.

"हात लावू नको. अजून गेटावर जायचं हाय आपल्याला."