दुधी गजांतून येत नाही

उल्हासनगरच्या बाजारात दुसऱ्यांचे कापडाचे तागे खांद्यावर वाहत मी स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. घासाघीस केल्याशिवाय मी रुमालही घेत नाही. बदलापुरात, कुळगावला फ्लॅट घेताना मात्र मी भावापेक्षा मागच्या गेटसाठी जास्त भांडलो. त्या गेटातून बाहेर पडलं की समोर भाजीवाल्या, पलीकडे दवाखाना. आईचे गुडघे गेलेत. तिला तेवढंच चालणं झेपतं.

मग सोसायटीने त्या गेटला कुलूप घातलं. मागच्या चाळीतले लोक आतून सायकली नेतात म्हणे. आता पुढून जायचं तर हायवेच्या कडेने, फुटपाथ नाही, डंपर अंगावर येतात.

गेल्या उन्हाळ्यात एक सर्व्हेवाली मुलगी आली. घरापासून दवाखाना, भाजी, शाळा चालत किंवा सायकलने गाठता येते का, ते ती मोजत होती. तिच्या नकाशावर आमची बिल्डिंग हिरवी होती. हिरवी म्हणजे सगळं जवळ.

"मॅडम, कुलूप दिसलं नाही तुम्हाला?"

"काका, मी सेक्रेटरींना विचारलं, मागे गेट आहे का. ते म्हणाले, आहे."

"उघडं आहे का, ते विचारा ना."

"तो प्रश्न नाहीये यात."

"मग लाल करा."

"नाही होत."

"बरं, पिवळं करा. तुमचंही राहू दे, माझंही."

"काका, हे दुकान आहे का?"

माझा आवाज चढला. आईने तिला पाणी दिलं आणि माझ्या वतीने माफी मागितली. तो राग अजून गेलेला नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी कुलपाचा विषय काढला, तर सेक्रेटरी म्हणाला, "शेठ, सर्व्हेत आपण हिरवे आहोत. तुम्हालाच कसा त्रास होतो?" पुढे मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. कुलूप तसंच आहे.

हल्ली एक भाजीवाली गेटपाशी येते. आई आतून स्टूल टाकून बसते आणि गजांतून भेंडी, मिरच्या घेते. भावही करते, माझ्यापेक्षा बरा. परवा तिला दुधी हवा होता. चांगला जाडजूड होता, गजांत अडकला. भाजीवालीने तो तिथेच उभा चिरून आत दिला. आई हसत घरी आली. मला ती भाजी गेली नाही.

दवाखान्याचं विचारलं की म्हणते, "तू मोकळा असशील तेव्हा नेऊन आण." पूर्वी ती मला सांगायचीसुद्धा नाही. जाऊन यायची.