पोचलं का?

परदेशी टपालाच्या काउंटरवर बसलं की टाचण्या आणि किस्से न मागता साठतात. टाचण्या निदान डबीत राहतात. आमच्या पोस्टात मला बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत लोकांनी मला खरं तर एकच प्रश्न विचारलाय. पोचलं का?

*

सदाशिव पेठेतले गोरे सर, निवृत्त मुख्याध्यापक. मुलगी कॅनडात बाळंत झाली तेव्हा त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले. पार्सल तिकडच्या कस्टममध्ये अडकलं. सर रोज अकराच्या ठोक्याला हजर. मी म्हटलं, "सर, ट्रॅकिंग घरी मोबाइलवरही दिसतं."

"दिसतं ना. पण घरी ओरडायला कोणी नाही."

नवव्या दिवशी स्क्रीनवर 'डिलिव्हर्ड' आलं. सर तरी हलेनात. दाराशी ठेवलं म्हणजे पोचलं असं नव्हे, हे त्यांचं म्हणणं. तिकडे सगळे झोपलेले, बाळंतिणीला उठवायचं कसं? म्हणून बाकावर बसून राहिले. दीडच्या सुमाराला, बाळानेच तिला उठवलं असावं, मुलीचा फोन वाजला. ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि उठले. मी विचारलं, काय म्हणाली?

"कडक झालेत म्हणाली." सर चष्मा पुसत होते. "म्हणजे खाल्ला."

*

हिंजवडीच्या एका आयटी कंपनीतली तन्वी. कंपनीच्या कामासाठी वर्षभर जपानला राहून आली होती. तिथे ज्या आजींच्या घरी भाड्याने राहायची, त्यांना लग्नाची पत्रिका पाठवायची होती. आजींकडे साधा लँडलाइन. तन्वीचा प्रश्न, "मॅडम, त्यांना मिळाली हे मला कसं कळणार? ब्लू टिक वगैरे?"

म्हटलं, आमच्याकडे गुलाबी मिळते. पोचपावतीचं कार्ड दाखवलं. पत्राबरोबर जातं, तिकडे घेणारा सही करतो आणि कार्ड आपल्याकडे परत येतं.

दीड महिन्याने ती कार्ड घेऊन आली. सहीच्या जागी नुसता लाल, गोल शिक्का. मला वाटलं तक्रार आहे, म्हणून मी फॉर्म काढायला लागले.

"नको मॅडम, हा आजींचाच शिक्का. तिकडे सहीऐवजी तोच मारतात. दाराजवळच्या खणात असतो. पार्सल आलं की मीच धावत काढून द्यायचे." मग म्हणाली, "आता उठून स्वतःच काढला असेल."

*

बाहेरून येणाऱ्या पार्सलवर हल्ली पोस्टमनच्या मोबाइलवर बोटाने सही घेतात. आमच्या शेलार पोस्टमनने सरदेसाई बाईंकडे मुलाचं अमेरिकेहून आलेलं पार्सल नेलं. बाई आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होत्या. आजारपणानंतर हात थरथरतो. पहिली सही वेडीवाकडी आली. बाईंनी पुसायला लावली. दुसरीही पुसायला लावली. शेलार म्हणाला, बाई, चालते कशीही.

"तुम्हाला चालते हो. मुलगा ती तिकडे बघतो."

शेलारने मग चप्पल काढली, आत जाऊन पोळपाट आणला, मोबाइल त्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. पाचव्या खेपेला सही बाईंच्या मनासारखी झाली. त्या दिवशी शेलारची बाकीची सगळी डाक उशिरा वाटली गेली. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाला, "चित्रकलेचा तास होता."

*

शिवणक्लास चालवणाऱ्या भागवत बाईंनी आयर्लंडला शिकणाऱ्या मुलाला घरी केलेला आकाशकंदील पाठवला. नोंद सांगत होती, पोचला. मुलगा सांगत होता, नाही पोचला. चौकशीचा अर्ज भरला. वस्तूचं वर्णन या रकान्यात बाईंनी लिहिलं, "केशरी, आठ शेपट्या, एक आखूड. कागद संपला होता."

अर्जाचं उत्तर यायच्या आधी बाईच आल्या. कंदील चुकून मागच्या गल्लीत त्याच नंबरच्या घरी गेला होता. तिथे एक म्हातारं जोडपं राहतं. कोणीतरी प्रेमाने पाठवलाय असं समजून त्यांनी तो खिडकीत लावला. एका संध्याकाळी मुलगा रस्त्याने जाताना त्याला आखूड शेपटी दिसली.

मी म्हटलं, चला, मिळाला एकदाचा.

"नाही ना. काढू नका म्हणून सांगून आलाय. चहाला मात्र जातो रोज."

*

विश्रांतवाडीचे वानखेडे काका मूळचे अकोल्याकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा न्यूझीलंडला. त्याने काकांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ते लग्नाला गेले नाहीत, आणि त्याने बोलणं सोडलं. फोन उचलायचा नाही. काका दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला रजिस्टर पत्र पाठवायचे, पोचपावतीसकट. उत्तर कधी आलं नाही. कार्ड मात्र सही होऊन यायचं आणि काका ते मला दाखवायला आणायचे. एकदा म्हणाले, सही बारीक झाली पोराची, जेवत नसंन. एकदा म्हणाले, पेन चांगला घेतलेला दिसते.

सहाव्या वर्षी कार्ड घेऊन आले आणि काउंटरपाशीच ते चष्म्याजवळ धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा त्यांनी कार्ड काचेखालून आत सरकवलं.

"मॅडम, एका पत्राले दोन सह्या लागतात काय?"

मी बघितलं. मुलाची नेहमीची सही होती. तिच्याखाली, रकान्याच्या रेघा ओलांडून, पेन्सिलीने मोठ्ठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ओवी'. वेलांटी उलटी पडली होती.

म्हटलं, "नाही काका. एकच लागते."

काकांनी कार्ड परत घेतलं, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि नवीन पाकीट मागितलं. पेनाचं टोपण काढलं. मान वर केली.

"पत्त्यावर दोन नावं चालतीन काय?"